बाजू घ्या, पण समोरच्यालाही नीट बोलू द्या : इंग्रजीच्या कोर्ससाठी संतुलित आर्ग्युमेंटेटिव्ह एसे कसा लिहावा

शाळेत आपण सगळ्यांनीच ‘विज्ञान : शाप की वरदान’ लिहिलेला असतो. आधी वरदानाचा परिच्छेद, मग शापाचा, आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, तेव्हा विवेकाने वागावे’. दहावीपर्यंत हा साचा चालून जातो. पुण्यात कॉलेजला आल्यावर इंग्रजीच्या इंटर्नलसाठी हजार-बाराशे शब्दांचा आर्ग्युमेंटेटिव्ह एसे लिहायची वेळ येते, तेव्हा बरेच विद्यार्थी तोच साचा इंग्रजीत उतरवतात. दुसरा एक गट वादविवाद स्पर्धांमधून आलेला असतो. त्यांच्या लिखाणात जोर असतो, पण समोरच्या बाजूला तोंड उघडायची संधीच नसते.

मी इंग्रजी शिकवते आणि असे निबंध सतत वाचते. दोन्ही प्रकारांत एकच गोष्ट राहून जाते. संतुलन म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे परिच्छेद वाटून देणं नाही. विरुद्ध मताच्या माणसाने तुमचा निबंध वाचून ‘माझं म्हणणं याने बरोबर मांडलंय’ असं म्हणायला हवं आणि तरीही तुम्ही कुठे उभे आहात हे त्याला स्पष्ट कळायला हवं. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त अशी रीत होती. आधी प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं, मग आपला निष्कर्ष सांगायचा. विद्यापीठाला इंग्रजीत हेच हवं असतं.

पुढचं सगळं एका उदाहरणावर चालवते, कारण नुसत्या सूचना वाचून कुणाला लिहिता येत नाही. उदाहरण पुण्याचंच घेऊ : हेल्मेटसक्ती. १ जानेवारी २०१९पासून शहरात कडक कारवाई सुरू झाली तेव्हा घराघरांत, कट्ट्यांवर आणि वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात या विषयावर कडाक्याचं भांडण झालं. दोन्हीकडे विचार करणारी माणसं होती, म्हणून विषय निबंधाला चांगला.

प्रश्न काय विचारलाय?

पेन्सिल घेऊन प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा. ‘डिस्कस’ असेल तर दोन्ही बाजू सविस्तर आणि शेवटी तुमचा निर्णय. ‘टु व्हॉट एक्स्टेंट डू यू अग्री’ असेल तर ‘हो’ किंवा ‘नाही’ पुरत नाही. कुठपर्यंत मान्य आणि कुठून पुढे अमान्य, ती रेषा दाखवावी लागते. ‘आर्ग्यू फॉर ऑर अगेन्स्ट’ असेल तर बाजू घ्यायचीच आहे, पण विरुद्ध मुद्द्याचा समाचारही घ्यायचाय. प्रश्नपत्रिकेत शब्दमर्यादा आणि किमान किती सोर्सेस हवेत हे दिलेलं असतं. तेही इथेच टिपून ठेवा.

विषय स्वतः निवडायचा असेल, तर तो आवळून घ्या. ‘रस्ता सुरक्षा’ हा निबंधाचा विषय नाही, ते एक खातं आहे. ‘हेल्मेट चांगलं की वाईट’ यावर वाद होऊ शकत नाही, कारण हेल्मेट वाईट असं कुणीच गंभीरपणे म्हणत नाही. ‘पुणे शहराच्या हद्दीत हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी करावी का?’ हा विषय झाला. यात जागा ठरली, कृती ठरली आणि दोन समंजस माणसं दोन उत्तरं देऊ शकतात.

आवळताना तथ्य तपासायलाही विसरू नका. ‘सरकारने हेल्मेटचा कायदा करावा’ असं वाक्य अनेक निबंधांत सापडतं. कायदा कधीच झालाय. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२९नुसार सार्वजनिक ठिकाणी दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे, आणि या कलमात गाव, शहर, महामार्ग असा भेद केलेला नाही. म्हणजे खरा प्रश्न कायदा करण्याचा नसून शहरात तो कितपत कडकपणे राबवावा, हा आहे. एवढं एक कलम वाचलं की अख्ख्या निबंधाची दिशा बदलते. वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

माहिती गोळा करताना

अप्पा बळवंत चौकात तयार निबंधांची पुस्तकं ढिगाने मिळतात. भाषेचा सराव म्हणून वाचायला हरकत नाही, पण आधार म्हणून ती उपयोगाची नाहीत, कारण त्यांतली विधानं कुठून आली हे त्यांत लिहिलेलं नसतं. आधार तीन ठिकाणांहून मिळवा : सरकारी अहवाल, संशोधन आणि जबाबदार पत्रकारिता. कॉलेजच्या ग्रंथालयातून किंवा विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातून काय काय पाहता येतं ते ग्रंथपालांना विचारा. ती माणसं अशा प्रश्नांसाठीच तिथे बसलेली असतात आणि विद्यार्थी त्यांच्याकडे फार कमी जातात.

आपल्या विषयावर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अपघात अहवाल आहे. २०२२च्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार आणि मागे बसलेले मिळून ५०,०२९ जण त्यांत होते. दुसरा आधार संशोधनाचा. हेल्मेटवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २००८मध्ये प्रसिद्ध केला. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आता इथे थांबा. आकडा मिळाला की तो निबंधात चिकटवायची घाई होते, आणि निबंध कच्चा राहतो तो नेमका इथेच. ५०,०२९ या आकड्यावरून काय सिद्ध होतं? ‘हेल्मेट असतं तर पन्नास हजार जीव वाचले असते’ हे सिद्ध होत नाही. ती माणसं हेल्मेटशिवाय होती एवढंच त्यातून कळतं. काहींचा मृत्यू छातीला किंवा पोटाला मार लागून झाला असेल. ४२ टक्क्यांचा हिशेब लावला तर ढोबळमानाने एकवीस हजार मृत्यू टळू शकले असते, असं म्हणता येईल, तेही सगळ्यांनी बऱ्या दर्जाचं हेल्मेट नीट पट्टा लावून घातलं असतं तर. एकवीस हजार हा आकडा लहान नाही. पण तो प्रामाणिक आहे, आणि परीक्षकाला पन्नास हजारांच्या आरोळीपेक्षा हा हिशेब जास्त पटतो.

दुसरी तपासणी : आकडा तुमच्या विषयाच्या जागेचा आहे का? आपला विषय शहराचा, आकडे देशाचे. त्याच २०२२च्या अहवालात मृत्यूंची रस्त्यांनुसार विभागणी आहे. राष्ट्रीय महामार्गांवर सुमारे ३६ टक्के, राज्य महामार्गांवर सुमारे २४ टक्के आणि उरलेल्या सगळ्या रस्त्यांवर सुमारे ३९ टक्के. सक्तीचे विरोधक म्हणतील, बघा, साठ टक्के मृत्यू महामार्गांवर आहेत, मग लक्ष्मी रस्त्यावर दंड कशाला? मुद्दा रास्त आहे. तुम्ही सक्तीच्या बाजूने असलात तरी हा आकडा लपवायचा नाही. तो तुम्हीच पुढे ठेवायचा. उत्तर कसं द्यायचं ते पुढे पाहू.

स्वतःचं निरीक्षणही चालतं. अलका टॉकीज चौकात तासभर सुरक्षित जागी उभं राहून हेल्मेट घातलेले आणि न घातलेले चालक मोजा. एकदा सकाळी ऑफिसच्या वेळेला आणि एकदा रात्री. निबंधात ते ‘एका चौकातलं, दोन वेळांचं निरीक्षण’ म्हणूनच मांडा. ‘पुणेकर हेल्मेट घालत नाहीत’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

टिपणं कुठल्या भाषेत काढायची, हे मराठी माध्यमातून आलेली मुलं हमखास विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : विचार मराठीत करा, टिपणं मराठीत काढा, आपापसांत वाद मराठीत घाला. इंग्रजी वाक्य मात्र लिहायच्या वेळी नव्याने लिहा, टिपणाचं भाषांतर करत बसू नका. मुद्दा डोक्यात पक्का असेल तर साधं इंग्रजी पुरतं.

पूर्वपक्ष : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

कागदाच्या मधोमध रेघ मारून ‘फायदे’ आणि ‘तोटे’ लिहायची सवय सोडा. त्याऐवजी विरोधकाचं एकेक म्हणणं डावीकडे लिहा आणि त्यासमोर तुमचं उत्तर. उत्तर सुचलं नाही तर जागा रिकामी ठेवा. त्या रिकाम्या जागा मोलाच्या असतात. तुमच्या मताला कुठे मुरड घालावी लागणार आहे, हे त्याच दाखवतात.

आपल्या विषयात डावीकडे काय येईल? उकाडा होतो, केस जातात, गाडी लावल्यावर हेल्मेट कुठे ठेवायचं. पेठांमधल्या गर्दीत गाडी वेगाने जाऊच शकत नाही, तर धोका किती? बाजूचा आवाज नीट ऐकू येत नाही. रस्त्यातले खड्डे बुजवायचे नाहीत, पदपथ मोकळे करायचे नाहीत आणि सगळी जबाबदारी चालकाच्या डोक्यावर टाकायची. हलक्या दर्जाची हेल्मेट कारवाई टाळण्यापुरती विकली जातात. आणि शेवटचा, प्रौढ माणसाच्या जिवाचा निर्णय पोलिसाने का घ्यावा?

विद्यार्थी यातला केस जाण्याचा मुद्दा निवडतात, कारण तो खोडायला सोपा. ते करू नका. यादीतले सगळ्यांत जड दोन किंवा तीन मुद्दे घ्या. इथे ते तीन आहेत : शहरातला कमी वेग, यंत्रणेची जबाबदारी आणि व्यक्तिस्वातंत्र्य. बाकीचे एका वाक्यात उल्लेखून सोडा किंवा वगळा.

विरोधक नक्की कशाला विरोध करतोय, हेही बारकाईने पाहा. पुण्यात सक्तीविरोधात बोलणाऱ्या अनेकांचं म्हणणं ‘आमचा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे’ असं होतं. जो निबंध त्यांना हेल्मेटचे वैद्यकीय फायदे ऐकवत बसतो, तो त्यांच्याशी बोलतच नसतो. उद्दिष्ट आणि ते साधण्याचा कायदेशीर मार्ग यांतला हा फरक या शहराला जुना आहे. १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं किमान वय दहावरून बारा झालं, तेव्हा आगरकर कायद्याच्या बाजूने होते, आणि टिळकांच्या विरोधाचा मोठा भाग परक्या सरकारने कायद्याने समाजात हात घालण्याला होता. हे उदाहरण निबंधात सजावट म्हणून घालू नका. दोन प्रसंगांत सरकार, विषय, बळी पडणारी व्यक्ती सगळंच वेगळं आहे. पण प्रतिपक्षाचा आक्षेप नक्की कुठल्या बिंदूवर आहे ते शोधायची सवय लावायला असे जुने वाद वाचणं फार उपयोगी पडतं.

थीसिस स्टेटमेंट

अख्ख्या निबंधाचं म्हणणं एका, फार तर दोन वाक्यांत. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी ते येतं.

‘हेल्मेटसक्तीचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत’ हे थीसिस नाही. याला कुणी नाही म्हणू शकत नाही. ‘हेल्मेट प्रत्येकाने घातलंच पाहिजे’ ही घोषणा आहे, कारण दिलेलं नाही. आता हे पाहा : ‘शहरातल्या कमी वेगामुळे धोका कमी होत असला तरी तो संपत नाही, आणि अपघाताची किंमत चालक एकटा मोजत नाही; म्हणून पुणे शहराच्या हद्दीतही हेल्मेटसक्ती राबवणं योग्य आहे, मात्र फक्त दंडवसुलीवर उभी राहिलेली अंमलबजावणी लोकांचा विश्वास गमावते.’

यात विरोधकाचा खरा मुद्दा मान्य केलाय, भूमिका आहे, कारण आहे आणि मर्यादाही आहे. निबंधाची मांडणीसुद्धा यातूनच निघते : आधी वेग, मग किंमत कोण मोजतो, मग अंमलबजावणी. तुमचं मत सक्तीच्या विरोधात असेल तर याच पद्धतीने उलट थीसिस लिहा. गुण बाजूवर मिळत नाहीत. शोधाशोध करताना मत बदललं, तर थीसिस बिनधास्त बदला. त्यासाठीच तर वाचन केलं.

मांडणी

दोन रीती आहेत. एकीत विरोधकाचे सगळे मुद्दे एका ठिकाणी आणि तुमची सगळी उत्तरं नंतर. दुसरीत एक मुद्दा, त्याचं उत्तर, मग पुढचा मुद्दा. पाचशे शब्दांच्या निबंधाला पहिली चालते. हजाराच्या वर गेलात तर दुसरीच घ्या, नाहीतर वाचक उत्तरापर्यंत पोचतो तेव्हा आक्षेप विसरलेला असतो आणि तुम्हाला सगळं पुन्हा सांगावं लागतं.

बाराशे शब्दांचा अंदाज असा धरा : प्रास्ताविक सव्वाशे, पार्श्वभूमी दीडशे (कायदा काय म्हणतो, वाद कधीचा), तीन मुख्य मुद्दे प्रत्येकी अडीचशेच्या आसपास, समारोप सव्वाशे. हे काटेकोर पाळायचं नाही. स्वातंत्र्याचा मुद्दा साडेतीनशे शब्द मागत असेल तर द्या आणि वेगाचा दोनशेत आटोपा.

वेगाच्या मुद्द्याचं उत्तर इथेच देऊन टाकते, कारण तो आकडा मघाशी उधार ठेवला होता. साठ टक्के मृत्यू महामार्गांवर हे खरं, पण उरलेले चाळीस टक्के इतर रस्त्यांवरच होतात. आणि ‘शहराची हद्द’ म्हणजे तरी काय? मुंबई-बेंगळुरू महामार्ग कात्रज, नवले पूल, वारजे, बावधन असा शहराला लागूनच जातो. सोलापूर रस्ता हडपसरमधून जातो. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली, म्हणजे काल जो रस्ता हद्दीबाहेर होता तो आज हद्दीत आहे. सदाशिव पेठेतून निघून वारज्याला जाणारा मुलगा एकाच फेरीत दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवरून जातो. तेव्हा हद्दीवर आधारलेली सवलत व्यवहारात राबवणं कठीण आहे. लक्षात घ्या, पेठेतला वेग कमी असतो हे आपण नाकारलेलं नाही. ते मान्य करून, त्यावरून सवलतीचा निष्कर्ष निघत नाही एवढंच दाखवलंय.

एक परिच्छेद जवळून

स्वातंत्र्याच्या मुद्द्यावरचा कच्चा परिच्छेद साधारण असा असतो (अर्थ नीट दिसावा म्हणून मराठीत देते) :

‘काही लोक म्हणतात की सक्तीमुळे स्वातंत्र्य जातं. पण हे साफ चुकीचं आहे. जीव मोठा की स्वातंत्र्य? हेल्मेट न घालणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण. म्हणून सर्वांनी हेल्मेट घातलं पाहिजे.’

‘काही लोक’ कोण, ते कळत नाही. त्यांचं कारण काय, ते नाही. ‘साफ चुकीचं’ म्हटलंय, पण का ते सांगितलेलं नाही. प्रश्नचिन्हाने उत्तराची जागा भरली आहे. आता हाच परिच्छेद पुन्हा :

‘सक्तीच्या विरोधातला सर्वांत वजनदार आक्षेप उकाड्याचा नाही, अधिकाराचा आहे. प्रौढ माणसाच्या वागण्याने फक्त त्याचंच नुकसान होत असेल, तर समाजाने त्याला समजवावं, पण बळजबरी करू नये, अशी भूमिका इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९मध्ये “ऑन लिबर्टी”त मांडली. हेल्मेट न घातल्याने चालक दुसऱ्या कुणाला धडकण्याची शक्यता वाढत नाही. त्या अर्थी हा नियम दारू पिऊन गाडी चालवण्याच्या नियमाहून वेगळा आहे, हे मान्य करायला हवं. मात्र “फक्त त्याचंच नुकसान” हे गृहीतक अपघातानंतर टिकत नाही. उपचार सरकारी रुग्णालयात होतात तेव्हा खाट, शस्त्रक्रिया आणि डॉक्टरांचा वेळ सार्वजनिक असतो, आणि पुढची शुश्रूषा घरच्यांवर येते. हाच युक्तिवाद ताणला तर सिंहगड चढण्यावरही बंदी घालता येईल, असं कुणी म्हणेल. फरक प्रमाणाचा आहे : हेल्मेट कुणाचा प्रवास थांबवत नाही, आणि त्या लहानशा गैरसोयीच्या बदल्यात मृत्यूचा धोका मोठ्या प्रमाणावर घटतो.’

या परिच्छेदात आक्षेपाला मालक मिळाला. त्यातलं जे खरं आहे ते मान्य झालं. उत्तर एका नेमक्या शब्दसमूहावर, ‘फक्त त्याचंच नुकसान’ यावर, केंद्रित झालं. आणि आपल्या उत्तरावर येऊ शकणारा पुढचा आक्षेपही स्वतःच घेतला. मिलबद्दल एक सावधगिरी : त्याच पुस्तकात धोकादायक पुलाचं उदाहरण आहे आणि सक्तीचे समर्थक ते अर्धवट वापरतात. पूल धोक्याचा आहे हे माहीत नसलेल्या आणि सावध करायला वेळ नसलेल्या माणसाला धरून थांबवणं मिल यांना मान्य आहे. पण माहीत असूनही जाणाऱ्याला फक्त सावध करावं, असंच त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे ते उदाहरण बऱ्याच अंशी विरोधकांच्या बाजूचं निघतं. एखाद्याचं नाव आपल्या बाजूला उभं करण्याआधी मूळ पान वाचायचं ते यासाठी.

यंत्रणेच्या जबाबदारीचा परिच्छेद मी पूर्ण लिहून देत नाही. तो तुम्ही लिहा. एक दिशा सांगते. तिथे उत्तर देण्यापेक्षा बराचसा मुद्दा कबूल करणं योग्य ठरेल. खड्डे बुजवणं आणि हेल्मेट घालणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात. एक होईपर्यंत दुसरी थांबवायचं कारण नाही. दर्जाचा प्रश्नही तिथेच घ्या : १ जून २०२१पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीची हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी कारवाई बहुतेक विकत घेणाऱ्यावर दिसते. तुमच्या थीसिसमधला ‘मात्र’ इथे भरून निघतो.

भाषा

संतुलन क्रियापदांत दिसतं. विरोधकाबद्दल ‘क्लेम्स’ लिहिलंत की तुम्हाला ते पटत नाही हे आधीच सूचित होतं. ‘आर्ग्यूज’ तटस्थ आहे. ‘पॉइंट्स आउट’ म्हणजे तुम्ही ते खरं मानता. आपल्या बाजूला सगळीकडे ‘पॉइंट्स आउट’ आणि समोरच्याला सगळीकडे ‘क्लेम्स’ असं झालं असेल तर दुरुस्त करा. ‘प्रूव्ह्ज’ शक्यतो टाळा. एखाद्या अभ्यासावरून ‘सजेस्ट्स’ किंवा ‘इंडिकेट्स’ म्हणणं पुरेसं असतं. पण प्रत्येक वाक्यात ‘मे’ आणि ‘परहॅप्स’ घालून भूमिकाच विरघळवू नका. थीसिसचं वाक्य ठाम हवं.

‘जरी-तरी’च्या सवयीने आपण ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ घालतो. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच. ‘हाउएव्हर’ने दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नका, आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. ‘सिन्स द डॉन ऑफ सिव्हिलायझेशन’ आणि ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ या सुरुवाती कायमच्या सोडा. सुरुवात विषयातल्याच एखाद्या ठोस गोष्टीने करा, कलम १२९ने किंवा २०१९च्या कारवाईने. प्रास्ताविक सगळ्यांत शेवटी लिहिलं तर सोपं जातं.

संदर्भ

इंग्रजीच्या विभागांत बहुधा एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत मागतात. मजकुरात कंसात लेखकाचं आडनाव आणि पान क्रमांक, शेवटी नव्या पानावर ‘वर्क्स सायटेड’, आडनावांच्या वर्णानुक्रमाने. अहवालाला व्यक्ती लेखक नसेल तर संस्थेचं नाव. मराठी वर्तमानपत्रातला लेख वापरायला मुळीच संकोच करू नका. या वादाचा बराच भाग मराठीतच झालाय. त्यातलं वाक्य इंग्रजीत दिलंत तर ‘माय ट्रान्सलेशन’ असं नोंदवा.

एआयच्या टूल्सबद्दल कॉलेजचा नियम काय आहे ते आधी विचारून घ्या. नियम काहीही असो, त्यांनी सुचवलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय घेऊ नका; अस्तित्वातच नसलेले लेख आणि पान क्रमांक ती अगदी आत्मविश्वासाने देतात. आणि पूर्वपक्ष त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. दुसऱ्याचं म्हणणं समजून घेण्याचा सराव व्हावा म्हणूनच हा निबंध अभ्यासक्रमात आहे.

सबमिशनच्या आधी

पहिला ड्राफ्ट झाल्यावर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या. मग प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एका ओळीत लिहा की हा काय म्हणतो. ओळ सुचली नाही तर परिच्छेद रिकामा आहे. दोन ओळी सुचल्या तर त्याचे दोन करा. या ओळी सलग वाचल्यावर थीसिसपर्यंत पोचता येतं का ते पाहा. समारोपात नवा मुद्दा आणू नका, पण प्रास्ताविकाची वाक्यंही पुन्हा लिहू नका. तुमची भूमिका मान्य केली तर पुढे काय करावं लागेल, ते सांगा : विक्रेत्यांवर कारवाई, कॉलेज आणि ऑफिसात हेल्मेट ठेवायची सोय, मागे बसणाऱ्यांकडे लक्ष.

मग निबंध अशा एका मित्राला द्या जो हेल्मेट घालत नाही. त्याला एकच प्रश्न विचारा, ‘तुझं म्हणणं यात बरोबर आलंय का?’ त्याचं मत बदललं की नाही हे विचारू नका. ‘नाही, मला असं म्हणायचंच नव्हतं’ असं तो म्हणाला, तर तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. ज्या वाक्यावर तो अडला, तिथेच समासात खूण करून ठेवा. बोलणं संपेपर्यंत नेमकं वाक्य विसरायला होतं. शीर्षक सर्वांत शेवटी द्या, आणि त्यात विषय व भूमिका दोन्ही दिसू द्या. नुसतं ‘हेल्मेट’ असं शीर्षक ठेवू नका.